चार रुपये महिना : बाळू पालवणकर आणि खेळाडूच्या मोलाचा प्रश्न

पुण्यातील युरोपियनांच्या पूना क्लबाने १८९२ मध्ये एक मुलगा नोकरीस ठेवला. वय जेमतेम सोळा, पगार महिना चार रुपये. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेषा आखायच्या, सरावासाठी जाळी उभारायची, टेनिसची कोर्टे आखून द्यायची, ही त्याची कामे. यापूर्वी तो एका पारशी क्रिकेट क्लबात जवळपास हेच काम तीन रुपयांत करीत असे. म्हणजे एका रुपयाची बढती मिळाली होती. गोलंदाजी कामांच्या यादीत नव्हती. पुढे ती त्याच्याकडून करून घेतली गेली, आणि पूना क्लबाला त्या काळातील हिंदुस्थानातील सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज माळ्याच्या पगारात मिळाला.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. घराणे कोकणातले, पालवण या गावावरून आडनाव पडलेले. जात चांभार, म्हणजे त्या काळच्या व्यवहारात अस्पृश्य. वडील पुण्यात लष्कराच्या आश्रयाने नोकरी करीत. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडूंवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळ शिकले. गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊही पुढे नामवंत क्रिकेटपटू झाले.

त्या चार रुपयांचा अर्थ समजण्यासाठी त्याच काळातील इंग्लंडकडे पाहावे लागते. खेळाडूने खेळण्याचे पैसे घ्यावेत की नाही, या वादावर फुटबॉल असोसिएशनने १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाडूला मान्यता देऊन पडदा टाकला. तीन वर्षांनी लीग सुरू झाली. लगेचच नवे दुखणे उभे राहिले. श्रीमंत क्लब पगार वाढवू लागले, गिरणीगावांतील लहान क्लबांना ते परवडेनात, आणि एखादा मुलगा नावारूपाला आला की मोठ्या क्लबाची नजर त्याच्यावर पडे. १९०१ पासून आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा लागू झाली. लहान क्लबांना ती ढाल वाटली, खेळाडूंना बेडी. ती तुटायला १९६१ साल उजाडले, आणि त्यानंतर आठवड्याला शंभर पौंड घेणारा पहिला खेळाडू जॉनी हेन्स हा फुलहॅमसारख्या तुलनेने छोट्या क्लबाचा होता, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे.

चार पौंड म्हणजे त्या वेळच्या दराने साठ रुपये, आणि तेही आठवड्याचे. दोन देशांतील राहणीमानाचा फरक जमेस धरला तरी तफावत डोळ्यांत भरते. पण खरा फरक आकड्याचा नाही. इंग्लंडमधला व्यावसायिक फुटबॉलपटू खेळाडू म्हणून नोंदला जाई. त्याला कमी पैसे मिळत असतील, पण ते कशाचे हे कराराच्या कागदावर लिहिलेले असे. पुण्यात त्याचे उत्तर मैदान झाडण्याचे असेच होते. गोलंदाजी फुकट होती.

ती सुरू कशी झाली, तर ट्रॉस नावाच्या एका सभासदाने जाळीत चेंडू टाकायला सांगितला. मग क्लबाचा सर्वात मातब्बर फलंदाज, लष्करी अधिकारी जे. जी. ग्रेग, रोज इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करू लागला. आख्यायिका अशी, की ग्रेगला बाद केले की बाळूंना दर वेळी आठ आणे मिळत. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण तिचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. चार रुपये म्हणजे चौसष्ट आणे. एका ग्रेगच्या विकेटचे मोल जवळजवळ चार दिवसांच्या पगाराइतके झाले. क्लबाच्या खात्यात गोलंदाजीची किंमत शून्य असताना एका सभासदाने आपल्या खिशातून तिचा भाव ठरवला होता. मात्र बाळूंच्या हाती बॅट देण्याची कल्पना त्या मैदानावर कुणालाही सुचली नाही. फलंदाजी साहेबांची, श्रम नोकराचे, अशी ती वाटणी होती.

पुण्यातील हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते. साहेबांजवळ साधने होती, वेळ होता, नोकरचाकर होते. हिंदू क्लब वर्गणीवर चाललेला, आणि त्यांच्यापुढे असलेली एकमेव मात्रा साहेबांच्याच मैदानावर रोलर ओढत होती. बाळूंना संघात घ्यावे की नाही यावर क्लबात वाद झाला. तेलुगू सभासद अनुकूल होते, ब्राह्मण सभासदांना अडचण वाटत होती. अखेर जिंकण्याच्या इच्छेने सोवळ्यावर मात केली, पण अर्धीच. मैदानावर बाळू ज्या चेंडूला हात लावत, तोच चेंडू इतर लावत. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर मातीच्या परळात चहा मिळे, जेवणाला वेगळे ताट आणि वेगळी जागा.

येथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. तुटपुंज्या तिजोरीच्या क्लबाला गुणी खेळाडू हवा असतो तेव्हा तो पैशाऐवजी दुसरे काही देऊ करतो : मान, आपलेपणा, नाव. इंग्लंडमधील लहान गावांचे फुटबॉल क्लब याच भांडवलावर तगले. पुण्याच्या क्लबाजवळ पैसा नव्हताच, आणि जे फुकट देता आले असते तेही त्याने राखून ठेवले. हा कंजूषपणा तिजोरीचा नव्हता.

साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याने बाळूंची धार बोथट करण्यासाठी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून घेतला, असे सांगतात. खेळपट्टी कशी तयार होते हे त्या मैदानावर बाळूंइतके कोणाला ठाऊक असणार! त्यांनी सात गडी टिपले आणि हिंदूंचा संघ जिंकला. त्यानंतर न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनी त्यांचा जाहीर गौरव केला, आणि बरोबर खेळणाऱ्यांनी बरोबर खावे-प्यावे, हा विचार पुण्यात उघडपणे मांडला जाऊ लागला.

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईस आले. काही काळ लष्कराच्या पलटणीत, मग रेल्वेत नोकरी. मुंबईत परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ साली स्थापन झाला होता. तेथेही काही सभासदांनी आक्षेप घेतला, तो बाजूस सारून बाळूंना संघात घेतले गेले. जिमखान्याची कीर्ती बाळूंच्या बोटांवर वाढत होती. घर मात्र रेल्वेच्या पगारावर चालत होते. जिमखाना हौशी राहिला, खेळाडू उपाशी राहिला नाही, आणि खर्च तिसऱ्यानेच उचलला.

ही सोय पुढे मुंबईच्या खेळाचा कणाच बनली. क्रिकेटमधील टाइम्स शील्ड कचेऱ्यांच्या संघांची, आणि कूपरेजवरील फुटबॉलही टाटा, कॅल्टेक्स, पुढे मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र यांच्या संघांचे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा अशाच कंपन्यांच्या संघांतून खेळला. गोव्यात खाणमालकांनी हेच केले. साळगावकर आणि धेंपे यांचे क्लब देशात अग्रभागी आले. दाता टिकतो तोवर क्लब टिकतो, हे त्यातले उणे. दूरचित्रवाणीचा पैसा आला, खेळाडूंचे भाव चढले, आणि महिंद्र युनायटेडने २०१० मध्ये संघ बंद केला. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. सनीव्हेलच्या उद्यानात शनिवार-रविवारी स्वतःची वर्गणी भरून क्रिकेट खेळणाऱ्या मराठी अभियंत्यांना या गणितातील हौशी बाजू चांगली परिचित असेल. दुसरी बाजू, म्हणजे रोलर ओढणाऱ्याची, त्यांच्या वाट्याला येत नाही.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळूंचे आठ बळी त्या विजयाच्या पायाशी होते. शिवरामही संघात होता. वृत्तपत्रांनी त्या सामन्यात खेळापलीकडचे बरेच काही पाहिले, आणि चुकीचे पाहिले असे म्हणता येणार नाही.

१९११ मध्ये पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. तेवीस सामन्यांपैकी पंधरा हरला. महाराज लंडनच्या समारंभांत गुंतले. दुखऱ्या खांद्याने बाळूंनी मात्र सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, त्यांतील ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांत. लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात एकट्याचे अकरा. तेव्हा ते पस्तिशीला आले होते. मुंबईस परतल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला, आणि त्यांच्या चाहत्यांमध्ये भीमराव आंबेडकर नावाचा एक विद्यार्थीही होता.

गोलंदाजी मान्य झाली, कर्णधारपद नाही. हिंदू संघात वर्षानुवर्षे सर्वात अनुभवी असूनही नेतृत्वासाठी बाळूंचे नाव मागे ठेवले गेले. १९२० मध्ये चौरंगी सामन्यांच्या वेळी हे उघडे पडले. बाळूंना वगळण्यात आले. कर्णधार म. द. पै आजारी पडल्यावर दि. ब. देवधर यांच्याकडे नेतृत्व गेले. शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर निषेध करून संघातून अंग काढले. अंतिम सामन्यासाठी तडजोड झाली : भाऊ परतले, बाळू उपकर्णधार झाले, आणि पैंनी काही वेळ मैदान सोडून त्यांना नेतृत्वाची संधी दिली. चव्वेचाळीस वर्षांच्या खेळाडूला मिळालेला हा तासा-दोन तासांचा मान. तीन वर्षांनी विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला.

खेळ सुटल्यावर बाळू राजकारणात आले, आणि तेथे ते ज्यांच्या बाजूने उभे राहिले त्याबद्दल आजही दलित वर्तुळात अस्वस्थता आहे. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत ते गांधींच्या भूमिकेच्या जवळ होते आणि करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. क्लबांनी आणि पक्षांनी एकाच माणसाच्या नावाचा आपापल्या सोयीने उपयोग केला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्यात बाळूंच्या स्वतःच्या निर्णयाला जागा उरत नाही. आपल्याला मैदानात घेणाऱ्या हिंदू समाजावरच त्यांचा विश्वास बसला होता, आणि मंडपाबाहेरचा चहा पिऊनही बसला होता.

प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, अशी त्यांची नोंद आहे. तिच्यात पूना क्लबाच्या जाळीतली वर्षे नाहीत. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही; घरातील हकीकत विठ्ठलच्या ‘माझे क्रीडा-जीवन’ या पुस्तकामुळे उरली.