जेम्स ब्रेडवूड

जेम्स ब्रेडवूड (३ सप्टेंबर, इ.स. १८०० - २२ जून, इ.स. १८६१) हे स्कॉटिश अग्निशमन अधिकारी व लेखक होते. ते एडिनबरा शहराच्या अग्निशमन दलाचे पहिले प्रमुख होते. पुढे इ.स. १८३३ पासून मृत्यूपर्यंत ते 'लंडन फायर इंजिन एस्टॅब्लिशमेंट' या दलाचे अधीक्षक होते. इमारतींतील आगी विझवण्याच्या पद्धतीला शिस्त, प्रशिक्षण व शास्त्रीय निरीक्षण यांची जोड देणाऱ्या आरंभीच्या व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते. जळत्या इमारतीत जाणारी हवा नियंत्रित करणे व अग्निशामकांनी आत शिरून आगीच्या मुळावर पाणी मारणे ही त्यांच्या कार्यपद्धतीची दोन मुख्य सूत्रे होती. लंडनमधील टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत कोसळून त्यांचा मृत्यू झाला.

सुरुवातीचे जीवन

ब्रेडवूड यांचा जन्म एडिनबरा येथे झाला. त्यांचे वडील फ्रान्सिस ब्रेडवूड हे लाकडी सामान बनवणारे व्यावसायिक होते. जेम्स हे त्यांचे दहावे अपत्य होते. शहरातील रॉयल हायस्कूलमध्ये शिक्षण घेतल्यानंतर ते वडिलांच्या व्यवसायात आले. बांधकामाशी संबंधित कामामुळे भिंती, तुळया, जिने व छपरे यांची रचना त्यांना जवळून पाहता आली. कोणता भाग किती भार पेलतो व तो केव्हा ढासळतो, या माहितीचा पुढील आयुष्यात त्यांना सतत उपयोग झाला.

एडिनबरा

एडिनबराच्या जुन्या भागात अनेक मजली दगडी इमारती अरुंद बोळांत दाटीवाटीने उभ्या होत्या. तेथे आग लागली, की विमा कंपन्यांचे बंब, पोलीस, सैनिक व नागरिक असे सारेच धावत येत. परंतु कोणाचा हुकूम कोणी मानायचा हे ठरलेले नसे. इ.स. १८२४ मध्ये शहराने एकत्रित अग्निशमन दल स्थापन केले आणि त्याच्या प्रमुखपदी २४ वर्षांच्या ब्रेडवूड यांची नेमणूक केली.

नेमणुकीनंतर काही आठवड्यांतच, १५ नोव्हेंबर, इ.स. १८२४ रोजी रात्री, ओल्ड असेंब्ली क्लोज येथील एका छापखान्याच्या कार्यशाळेत आग लागली. ती काही दिवस जळत राहिली. ट्रॉन चर्चचा मनोराही तिच्या भक्ष्यस्थानी पडला. सुमारे ४०० घरे नष्ट झाली, शेकडो कुटुंबे बेघर झाली आणि दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये अग्निशामकांचाही समावेश होता. ब्रेडवूड यांच्या हाताखालील माणसे अद्याप पुरेशी प्रशिक्षित नव्हती. शिवाय दंडाधिकारी व इतर अधिकारी घटनास्थळी परस्परविरोधी हुकूम देत होते. नंतरच्या चौकशीत ब्रेडवूड यांच्यावर दोष आला नाही. उलट, आगीच्या ठिकाणी अग्निशमन प्रमुखाचाच शब्द अंतिम असावा, हे तत्त्व मान्य झाले. आजही बहुतेक अग्निशमन दलांचे काम याच तत्त्वावर चालते.

प्रशिक्षण

यानंतर ब्रेडवूड यांनी दलाची नव्याने बांधणी केली. त्यांनी प्रामुख्याने छपरे बसवणारे कारागीर, सुतार, गवंडी, लोहार व नळ बसवणारे यांच्यातून माणसे निवडली. छपरावर वावरणाऱ्यांना उंचीची भीती नसते, गवंडी व सुतार यांना भिंत किंवा तुळई धोकादायक झाल्याचे लवकर कळते, तर लोहारांना उष्णता व धूर सोसण्याची सवय असते, असा त्यांचा विचार होता. तरुण वयात भरती केलेल्या माणसांना अधिक चांगले घडवता येते, असेही त्यांचे मत होते.

दलाचा सराव भल्या पहाटे होत असे. त्या वेळी रस्ते मोकळे असत आणि माणसांना अंधारात काम करण्याची सवय लागत असे. बंब चालवणे, नळ्या जोडणे, शिड्यांवरून व दोरांवरून चढणे-उतरणे यांचा सराव नियमित घेतला जाई. धुराने भरलेल्या खोलीत जमिनीलगत काही इंच हवा श्वास घेण्याजोगी असते, म्हणून गुडघ्यांवर व हातांवर रांगत जावे, ही शिकवणही त्यांनी दिली. कोणीही एकट्याने आत जाऊ नये, एकाला गुदमरल्यास दुसऱ्याने त्याला बाहेर काढावे, असा त्यांचा दंडक होता.

इ.स. १८३० मध्ये त्यांनी बंबांची रचना, अग्निशामकांचे प्रशिक्षण व आगीच्या वेळी करावयाची कार्यवाही यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अनुभवातून आलेले ज्ञान पुढच्या अधिकाऱ्यांना उपलब्ध व्हावे, हा त्यामागील हेतू होता. या ग्रंथामुळे त्यांचे नाव एडिनबराबाहेरही पोहोचले.

आग व हवा यांविषयीचे विचार

ब्रेडवूड यांच्या काळात आग विझवण्याची रूढ पद्धत म्हणजे रस्त्यावर बंब उभा करून खिडक्यांतून पाण्याचा फवारा सोडणे. हे पाणी बऱ्याचदा भिंतींवर किंवा धुरात वाया जाई आणि प्रत्यक्ष जळणाऱ्या वस्तूपर्यंत पोहोचत नसे. अग्निशामकाने नळी घेऊन आत शिरावे, आग नेमकी कोठे आहे ते शोधावे आणि तिच्यावर जवळून पाणी मारावे, असा ब्रेडवूड यांचा आग्रह होता. यामुळे पाणी कमी लागे आणि पाण्याने होणारे सामानाचे नुकसानही घटे.

याच्या जोडीला त्यांचा दुसरा नियम होता. पाण्याची तयारी पूर्ण होईपर्यंत दारे व खिडक्या बंद ठेवाव्यात. बंद खोलीतील आग आतील हवा वापरून मंदावते. मात्र तिला ताजी हवा मिळाली, तर ती अल्पावधीत भडकते. घाबरलेले रहिवासी किंवा मदतीला आलेले लोक दारे उघडी टाकून व खिडक्यांच्या काचा फोडून नकळत आगीला हवा पुरवतात, हे त्यांनी वारंवार पाहिले होते. त्यामुळे घटनास्थळी पोहोचताच प्रथम हवेचा मार्ग रोखण्याची सूचना ते आपल्या माणसांना देत.

धुरात काम करण्यासाठी ब्रेडवूड यांनी पॅरिसच्या अग्निशमन दलाचे प्रमुख कर्नल पॉलँ यांनी तयार केलेल्या पोशाखाचाही पुरस्कार केला. हा चामड्याचा अंगरखा व डोके झाकणारे आवरण असा पोशाख असून त्यात पाहण्यासाठी काच बसवलेली असे. बाहेर उभा केलेला बंब पाण्याऐवजी हवा दाबून नळीवाटे अंगरख्यात पाठवी. जादा हवा मनगट व कंबर यांजवळून बाहेर पडत राही. आतील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक असल्यामुळे धूर आत शिरत नसे. तळघरांतील आगींसाठी असा पोशाख विशेष उपयुक्त होता.

लंडन

लंडनमध्ये त्या काळी प्रत्येक मोठ्या विमा कंपनीचे स्वतंत्र दल असे. इ.स. १८३३ च्या आरंभी दहा विमा कंपन्यांनी आपली दले एकत्र करून 'लंडन फायर इंजिन एस्टॅब्लिशमेंट' स्थापन केली आणि तिच्या अधीक्षकपदी ब्रेडवूड यांना बोलावले. दलाचे मुख्यालय वॉटलिंग स्ट्रीट येथे होते. आरंभी दलात सुमारे ८० माणसे होती. लाखोंच्या वस्तीच्या शहरासाठी ही संख्या फारच अपुरी होती. लंडनमध्ये ब्रेडवूड यांनी भरतीसाठी खलाशांना पसंती दिली. हुकूम पाळणे, रात्री-अपरात्री कामाला उठणे व उंचावर चढणे या गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडलेल्या असत.

१६ ऑक्टोबर, इ.स. १८३४ रोजी वेस्टमिन्स्टर राजवाड्याला, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या इमारतीला, मोठी आग लागली. हिशेबाच्या जुन्या लाकडी पट्ट्या भट्टीत जाळत असताना ती लागली होती. ही सरकारी मालमत्ता विमा कंपन्यांच्या जबाबदारीत येत नव्हती, तरीही ब्रेडवूड आपल्या माणसांसह तेथे गेले. दोन्ही सभागृहे वाचणे शक्य नसल्याचे स्पष्ट झाल्यावर मध्ययुगीन वेस्टमिन्स्टर हॉल वाचवण्यावर प्रयत्न केंद्रित करण्यात आले आणि तो वाचला. इ.स. १८३८ मधील रॉयल एक्सचेंजची आग व इ.स. १८४१ मधील टॉवर ऑफ लंडनच्या शस्त्रागाराची आग याही त्यांच्या कार्यकाळातील मोठ्या घटना होत्या.

वाफेवर चालणाऱ्या बंबाबाबत ब्रेडवूड दीर्घकाळ साशंक होते. असा बंब इ.स. १८२९ मध्येच तयार झाला होता. मात्र त्याच्या जोरदार फवाऱ्यामुळे अग्निशामक पुन्हा रस्त्यावरूनच पाणी मारू लागतील, अशी त्यांना भीती वाटे. नदीवरील तरंगत्या बंबाला वाफेचे इंजिन जोडण्यास त्यांनी मान्यता दिली. रस्त्यावरील वाफेचा बंब दलात येण्यास मात्र इ.स. १८६० उजाडले. या विलंबाबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली.

गोदामांविषयीचे इशारे

लंडनच्या व्यापारवाढीबरोबर टेम्स नदीकाठी प्रचंड गोदामे उभी राहिली. अनेक गोदामांत बिडाचे खांब व तुळया वापरून त्यांना अग्निरोधक म्हटले जात असे. ब्रेडवूड यांनी इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेपुढे या समजुतीविरुद्ध मांडणी केली. बीड जळत नसले, तरी तीव्र उष्णतेत त्याची ताकद कमी होते आणि तापलेल्या खांबावर थंड पाणी पडल्यास त्याला तडे जातात. अशी इमारत पूर्वसूचना न देता कोसळू शकते, म्हणून तिच्यात अग्निशामकांना पाठवणे धोक्याचे आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

गोदामांचे आकारमान मर्यादित असावे आणि त्यांचे भाग जाड भिंतींनी व लोखंडी दारांनी वेगळे करावेत, असे त्यांचे म्हणणे होते. मोठ्या अखंड जागेत आगीला हवेचा भरपूर साठा मिळतो आणि अशी आग एकदा पेटली, की उपलब्ध दलाला ती आवरता येणार नाही, असा इशारा ते अनेक वर्षे देत राहिले.

टूली स्ट्रीटची आग व मृत्यू

२२ जून, इ.स. १८६१ रोजी, शनिवारी दुपारनंतर, लंडन ब्रिजजवळील टूली स्ट्रीटवरच्या कॉटन्स व्हार्फ येथे आग लागली. तेथील गोदामांत ताग, कापूस, चरबी, तेल, साखर व सोरा असा माल होता. तत्कालीन वृत्तांतांनुसार, गोदामांचे भाग विभागणारी लोखंडी दारे उघडी राहिली होती. त्यामुळे आग एका भागातून दुसऱ्या भागात पसरली. नदीला ओहोटी असल्याने तरंगत्या बंबांनाही अडचण आली.

ब्रेडवूड यांनी लवकरच आगीची व्याप्ती ओळखली. ते निरनिराळ्या ठिकाणी काम करणाऱ्या माणसांमध्ये फिरून पाहणी करत होते व थकलेल्यांना पेय देऊन धीर देत होते. सायंकाळी साडेसातच्या सुमारास एका गोदामात स्फोट झाला आणि भिंत रस्त्यावर कोसळली. तिच्याखाली ब्रेडवूड व त्यांच्याजवळील आणखी एक माणूस गाडले गेले. उष्णतेमुळे व ढिगाऱ्यामुळे त्यांचा मृतदेह बाहेर काढण्यास दोन दिवसांहून अधिक काळ लागला. आग पूर्णपणे विझण्यास सुमारे दोन आठवडे लागले. नुकसानीचा अंदाज सुमारे २० लाख पौंड होता.

२९ जून रोजी झालेल्या अंत्ययात्रेला मोठा जनसमुदाय लोटला; मिरवणूक सुमारे दीड मैल लांब होती. ॲबनी पार्क दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्यांचा सावत्र मुलगाही अग्निशामक होता आणि काही वर्षांपूर्वी आग विझवतानाच मरण पावला होता. त्याचे दफनही याच दफनभूमीत झाले होते.

परिणाम व वारसा

टूली स्ट्रीटच्या आगीनंतर विमा कंपन्यांनी गोदामांच्या विम्याचे दर वाढवले आणि शहराच्या अग्निशमनाचा भार यापुढे पेलणे शक्य नसल्याचे सरकारला कळवले. संसदीय समितीच्या चौकशीनंतर इ.स. १८६५ मध्ये कायदा झाला व १ जानेवारी, इ.स. १८६६ पासून सार्वजनिक खर्चाने चालणारे 'मेट्रोपॉलिटन फायर ब्रिगेड' अस्तित्वात आले. ब्रेडवूड यांचे उत्तराधिकारी एअर मॅसी शॉ हे त्याचे पहिले प्रमुख झाले. याच दलाला इ.स. १९०४ मध्ये 'लंडन फायर ब्रिगेड' हे नाव मिळाले. ब्रेडवूड यांचे लेखन संकलित करून इ.स. १८६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध करण्यात आले. इ.स. २००८ मध्ये एडिनबराच्या पार्लमेंट स्क्वेअर येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

हवेच्या नियंत्रणाविषयीचा त्यांचा नियम अग्निशमनाच्या आधुनिक प्रशिक्षणातही महत्त्वाचा मानला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत धनदाब वायुवीजनाची पद्धत रूढ झाली. या पद्धतीत प्रवेशद्वाराबाहेर शक्तिशाली पंखा ठेवून इमारतीतील हवेचा दाब वाढवला जातो आणि ठरवून उघडलेल्या खिडकीतून किंवा दारातून धूर व उष्ण वायू बाहेर ढकलले जातात. योग्य वापर केल्यास आतील दृश्यमानता वाढते व तापमान घटते. परंतु आगीची जागा ठाऊक नसताना, धूर बाहेर जाण्याचा मार्ग अपुरा असताना किंवा पाण्याची नळी तयार नसताना पंखा लावल्यास हीच हवा आग भडकवते आणि ती आत अडकलेल्या व्यक्तींकडे ढकलू शकते. इ.स. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स आयलंडवर प्रत्यक्ष घरे जाळून चाचण्या घेण्यात आल्या. दार बंद ठेवल्याने आगीची वाढ मंदावते व नियोजनाशिवाय केलेले वायुवीजन धोकादायक ठरते, हे त्यांतून मोजमापांसह दिसून आले. अशी साधने ब्रेडवूड यांच्याकडे नव्हती. त्यांचा नियम जळत्या घरांत शिरून केलेल्या निरीक्षणावर आधारलेला होता.