मुळांवरच्या बुरशीची बाजू घेणारा शास्त्रज्ञ

वेचणी संपली की पऱ्हाट्यांचे काय करायचे, हा प्रश्न हिंगोलीच्या काळ्या रानात दरवर्षी उभा राहतो. पुष्कळदा त्यांना काडी लावली जाते. सुमारे १०० वर्षांपूर्वी होळकरांच्या इंदुरात हाच प्रश्न आल्बर्ट हॉवर्ड यांनी हाती घेतला होता.

हॉवर्ड १८७३ मध्ये इंग्लंडमधील शेतकरी कुटुंबात जन्मले. केंब्रिजला शिकले. ते मुळात बुरशीतज्ज्ञ. वेस्ट इंडिजमध्ये उसाच्या रोगांवर काम करून १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे आले आणि १९२४ मध्ये इंदूरच्या संशोधन संस्थेत. तेथे पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. मग शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ढीग तीनदा पालटायचा. तीन महिन्यांत खत तयार. यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९३१ मध्ये या पद्धतीवर पुस्तक लिहिले. पत्नी गॅब्रिएल स्वतः शास्त्रज्ञ होत्या, कामात बरोबरीच्या. श्रेय मात्र त्यांना कमीच मिळाले. १९३० मध्ये त्या वारल्या.

निवृत्तीनंतर हॉवर्ड यांना इंग्लंडमधील वेअरहॅमचे प्रयोग कळले. डॉ. एम. सी. रेनर यांनी तेथील निकस जमिनीत कंपोस्ट घातले, तेव्हा खुरटलेल्या पाइनच्या मुळांवर बुरशी वाढली आणि रोपे तरारली. आपले खत कसे काम करते याचे उत्तर हॉवर्ड यांना यात दिसले. अमोनियम सल्फेटसारखी खते ही भागीदारी मोडतात, असे ते १९४० च्या पुस्तकात ठासून मांडू लागले. टीकाकार पुरावा मागत, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. मूळ बुरशीला पचवते, यावर हॉवर्ड यांचा भर होता. प्रत्यक्षात हा व्यवहार आहे: झाड साखर देते, बुरशी मुख्यतः स्फुरद आणि नत्र पुरवते. १९४७ मध्ये हॉवर्ड यांचे निधन झाले.

त्यांच्या नत्राविषयीच्या शंकेला बळ मिळाले ते जंगलात. वाहनांचा धूर, शेणमूत्र आणि खतांतून उडणारा अमोनिया पावसाबरोबर झाडांवर उतरतो. नत्र असे फुकट मिळाले की झाड बुरशीला साखर देण्यात हात आखडते. नेदरलँड्सच्या जंगलांत अशा बुरशींच्या छत्र्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घटल्या. २० युरोपीय देशांतील १३७ वनक्षेत्रांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. नत्र जास्त तेथे काही जाती मागे पडलेल्या आढळल्या.

आपल्या सागाच्या आणि कापसाच्या मुळांतली बुरशी निराळ्या गटातली आहे. तिला छत्री येत नाही. मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले तरच ती दिसते.