कूटकाराने पाळलेला कायदा

प्रश्न काढणाऱ्याच्या अधिकाराची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. त्याच्या कर्तव्याची मात्र क्वचितच होते. प्रश्नपत्रिकेतील एखादा प्रश्न संदिग्ध निघाला, तर सामान्य विद्यार्थी दोष देतो तो स्वतःच्या बुद्धीला. उत्तर कळल्यानंतरही ते उत्तर का, हे उमगत नाही, आणि विचारण्याची सोय नसते. हा अन्याय एका इंग्रज शाळामास्तराला मनापासून डाचत होता. त्याने त्यावर जो इलाज शोधला, तो परीक्षेच्या दालनात नव्हे, तर रविवारच्या वृत्तपत्रातील शब्दकोड्यात.

डेरिक सॉमरसेट मॅकनट यांचा जन्म १९०२ चा. मार्लबरो येथे शालेय शिक्षण आणि केंब्रिजच्या जीझस कॉलेजात ग्रीक व लॅटिनचे अध्ययन झाल्यावर ते १९२८ मध्ये हॉर्शमजवळील ख्राइस्ट्स हॉस्पिटल या जुन्या शाळेत रुजू झाले. नावात हॉस्पिटल असले, तरी ती शाळाच. तेथे अभिजात भाषा शिकविण्यात त्यांनी १९६३ पर्यंतची पस्तीस वर्षे घालविली. नोकरीचा वृत्तान्त एवढाच. बाहेरच्या जगाने त्यांना ओळखले ते झिमेनीझ या टोपणनावाने.

शब्दकोडे त्या वेळी तसे कोवळ्या वयाचे होते. आर्थर विन याने पहिले कोडे न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात डिसेंबर १९१३ मध्ये छापले. त्यात सरळ अर्थ द्यायचा आणि शब्द ओळखायचा, एवढाच मामला होता; मराठी दैनिकांतील कोडी बहुधा याच वळणाची असतात. इंग्लंडमध्ये त्याला कूटाचे रूप आले. ते देण्यात मोठा वाटा होता एडवर्ड पॉविस मॅदर्स यांचा. बिल्हणाच्या चौरपंचाशिकेचा इंग्रजीत मुक्त अनुवाद करणारे कवी ते हेच. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६ पासून त्यांनी सहाशेहून अधिक कोडी रचली आणि स्वतःस नाव घेतले टॉर्केमाडा. स्पेनमध्ये पाखंड्यांचा छळ करणाऱ्या धर्मन्यायपीठाच्या पहिल्या महान्यायाधीशाचे हे नाव. ते अगदीच अन्वर्थक होते. टॉर्केमाडांची कल्पकता अफाट. पण अनेकदा संकेत आणि उत्तर यांच्यामधला दुवा त्यांच्याच डोक्यात राहून जाई. सोडविणारा उत्तरापर्यंत पोचला, तरी ते सिद्ध करू शकत नसे.

१९३९ मध्ये मॅदर्स निवर्तले आणि ते काम मॅकनट यांच्याकडे आले. त्यांनीही पुढे परंपरेला जागून स्पेनच्या दुसऱ्या एका महान्यायाधीशाचे, कार्डिनल झिमेनीझचे, नाव घेतले. मौज अशी, की छळकाचे नाव धारण करून त्यांनी बेड्या घातल्या त्या स्वतःच्याच हातांत.

हे कायद्याचे प्रकरण काय आहे, हे मराठीत एक संकेत रचून पाहिले म्हणजे चटकन लक्षात येईल. ‘दीन उलटला, की वाहते ती’ : दोन अक्षरी शब्द. वाचणाऱ्यापुढे प्रथम एखाद्या कोसळलेल्या गरिबाचे चित्र उभे राहते. तो चकवा. ‘वाहते ती’ हा शब्दाचा अर्थ. ‘दीन’ ही अक्षरे. आणि ‘उलटला’ ही त्या अक्षरांचे काय करावे याची आज्ञा. उत्तर ‘नदी’. आता ‘उलटला’ऐवजी ‘दीन आला’ असे लिहिले, तर उत्तर कदाचित तरीही सुचेल. पण अक्षरे कोणत्या अधिकाराने फिरवावीत, हे संकेत सांगणार नाही. किंवा वाक्याला रंग यावा म्हणून ‘दुपारी’ हा शब्द घुसडला, तर सोडविणारा त्या निरुपयोगी दुपारीत तासभर भटकेल. झिमेनीझ यांना ही दोन्ही कृत्ये अमान्य होती. अचूक अर्थ हवा, तो शब्द घडविण्याची प्रामाणिक वाट हवी आणि यापलीकडे एकही शब्द नको.

व्याकरणाच्या बाबतीत तर ते लॅटिनच्या मास्तराइतकेच कठोर होते. ‘सरकारला द्यावा लागणारा हात’ या संकेताचे उत्तर ‘कर’. एक अर्थ राजस्वाचा, दुसरा हाताचा. लिंग आणि वचन दोन्हीकडे जुळते. तेथे ‘द्यावी लागणारी’ असे लिहून उत्तर ‘कर’ सांगणे म्हणजे फसवणूक. फसवावे जरूर, पण खोटे बोलू नये, असा हा काटेकोर भेद आहे. त्याचे मूळ श्रेय ॲफ्रिट या नावाने कोडी रचणाऱ्या रिची यांचे. रचणाऱ्याला जे म्हणायचे असल्याचा भास होतो, ते त्याला म्हणायचे नसले तरी चालेल. पण जे म्हणायचे आहे, ते त्याने शब्दशः म्हटलेच पाहिजे, अशा आशयाचा दंडक त्यांनी १९४९ च्या आपल्या पुस्तकात घालून दिला होता. त्यावर शास्त्राची इमारत मात्र झिमेनीझ यांनी उभारली.

ती उभारण्याची त्यांची रीतही मास्तरकीचीच. ठरावीक काळाने ते वाचकांना एक शब्द देऊन त्यावर संकेत रचून पाठवायला सांगत. मग निकालासोबत एक छापील पत्रक निघे. कोणता संकेत उत्तम, कोणता कशामुळे बाद, याची त्यात कारणमीमांसा असे. तपासलेली वहीच ती. या शिष्यवर्गात कादंबरीकार कॉलिन डेक्स्टर होते. आपल्या गुप्तहेराला त्यांनी मोर्स हे नाव दिले, ते याच स्पर्धांतील प्रतिस्पर्धी जेरेमी मोर्स यांच्यावरून. हे मोर्स पुढे लॉइड्स बँकेचे अध्यक्ष झाले. १९७२ ते १९७४ या काळात जागतिक चलनव्यवस्थेच्या सुधारणेसाठी नेमलेल्या वीसांच्या समितीत प्रतिनिधींच्या मंडळाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. ते कोडे मात्र समाधानकारकपणे सुटले, असे म्हणवत नाही.

१९६६ मध्ये मॅकनट यांचे शब्दकोड्याच्या कलेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि कूटकारांत दोन तट पडले. नियमांनी विनोदाचा गळा घोटला जातो, असे दुसऱ्या तटाचे म्हणणे. ‘गार्डियन’मध्ये अराकॅरिया या नावाने लिहिणाऱ्या जॉन ग्रॅहम यांनी पुष्कळ स्वातंत्र्य घेतले आणि २०१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत अलोट प्रेम मिळविले. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. झिमेनीझ यांचे काही दंडक केवळ आवडीनिवडीचे होते. परंतु प्रतिभावंताने घेतलेली सूट अंगावर शोभते, ती मागून येणाऱ्या सामान्यांच्या हाती गेली की तिचा भुर्दंड सोडविणाऱ्यालाच पडतो. आगगाडीत पेन्सिल घेऊन बसलेल्या कारकुनाला, उत्तर सापडताच ते बरोबर असल्याची खात्री देणारा पुरावा हवा असतो. तो त्याचा हक्क आहे, असे झिमेनीझ मानत.

हजारावर कोडी रचून मॅकनट १९७१ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या जागी जोनाथन क्राउदर आले. टॉर्केमाडा आणि झिमेनीझ यांच्या दरम्यान होऊन गेलेल्या महान्यायाधीशाचे नाव डेझा. क्राउदर यांनी ते रोमन लिपीत उलटे लिहिले आणि एझेड झाले. त्या वर्णमालेचे पहिले अक्षर आणि शेवटचे, दोन्ही त्यात आली.