सावित्रीबाई फुले व प्लेगचा धडा

वार्षिक परीक्षा जवळ आली म्हणजे शास्त्राच्या तासाला उजळणी सुरू होते. भिंगातून लहान वस्तू मोठी कशी दिसते, उष्णता उष्ण पदार्थाकडून थंड पदार्थाकडे कशी जाते, सूक्ष्म जंतूंपासून रोग कसे उद्भवतात, हे धडे आमच्या विद्यार्थ्यांस निरनिराळ्या प्रकरणांत वाचावे लागतात. ज्यांच्या आयुष्याच्या अखेरीस हे तिन्ही धडे एकत्र येतात, आणि तेही आपल्या हडपसरात, अशा एका थोर स्त्रीचे चरित्र येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४० साली पुण्याच्या जोतीराव फुले यांजशी त्यांचा विवाह झाला. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते; त्यांनी पत्नीस घरीच अक्षरओळख करून दिली. पुढे १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. वाटेत त्यांच्या अंगावर लोक शेणमाती फेकीत, ही हकीकत घरोघरी ठाऊक आहे. तिचा विस्तार येथे करीत नाही. १८६८ साली या दांपत्याने आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य गणलेल्यांस खुला केला. त्यांनी एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. १८९० साली जोतीराव निवर्तले. त्यानंतर सत्यशोधक समाजाच्या कार्याची धुरा सावित्रीबाईंनी वाहिली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग प्रकट झाला, आणि १८९७ च्या आरंभी त्याने पुण्यास ग्रासले. काखेत अथवा जांघेत गाठ येई, तीव्र ताप भरे, आणि थोड्याच दिवसांत बहुतेक रोगी दगावत. आपल्याकडे यास ग्रंथिक सन्निपात म्हणू लागले.

त्या वेळी शास्त्रास काय ठाऊक होते? रोगाचा जंतू सापडला होता. १८९४ साली हाँगकाँग येथे येर्सिन या संशोधकाने सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहिला. एका मिलिमीटर लांबीत असे सुमारे पाचशे जंतू एकापुढे एक मावतील, इतका तो लहान. भिंगांची विद्या नसती तर तो कोणास दिसताच ना. मुंबईत हाफकिन यांनी लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परंतु हा जंतू एका शरीरातून दुसऱ्यात जातो कसा, हे मात्र कोणी सिद्ध करून दाखविले नव्हते. कोणी दूषित हवेस दोष देई, कोणी घाणीस. म्हणून सरकारी पथके घरे धुवीत, सामान जाळीत, आणि खरा वाहक उंदरांच्या केसांत सुखरूप राही.

तो वाहक म्हणजे उंदरावरील पिसू. रोगी उंदराचे रक्त तिने शोषिले म्हणजे जंतू तिच्या पोटात वाढतात व अन्नमार्ग कोंडून टाकतात. भुकेली पिसू वारंवार दंश करते आणि त्या जखमेत जंतू ओकते. उंदीर मेला की त्याच्या देहातील उष्णता भोवतालच्या हवेत निघून जाते, देह थंड पडतो, आणि पिसू दुसरे ऊबदार शरीर शोधू लागते. घरात उंदीर पडू लागले की माणसांनी घर सोडावे, हा जुना अनुभव या साध्या नियमाने उलगडतो. रोग फुप्फुसांत उतरला तर मात्र पिसवेचीही गरज उरत नाही; खोकल्याच्या तुषारांतून तो थेट दुसऱ्यास गाठतो.

यातले फारसे काही हाती नसताना डॉ. यशवंत यांनी १८९७ साली हडपसर येथील ससाणे मळ्यात, शहराच्या दाट वस्तीबाहेर, रोग्यांसाठी दवाखाना उघडला. जागेची निवड आम्हांस मोठी शहाणपणाची वाटते: धान्याची कोठारे व उंदरांची बिळे असलेली घरे मागे राहिली, आणि हवा मोकळी मिळाली. सावित्रीबाई स्वतः रोग्यांस तेथे आणीत. मुंढव्याच्या अस्पृश्य गणलेल्या वस्तीत एका लहान मुलास प्लेग झाल्याचे कळताच त्या तेथे गेल्या आणि त्यास पाठीवर घेऊन मळ्याकडे निघाल्या. आमच्यापैकी ज्यांना मुंढव्याची वाट परिचित आहे त्यांनी तिची कल्पना करावी. आणि वाहणारीचे वय सहासष्ट होते हेही ध्यानी घ्यावे. तापाने फणफणलेला देह पाठीस, त्याचा श्वास मानेशी, त्याचे कपडे अंगाशी. जंतूस याहून जवळची वाट कोणती हवी?

मुलगा वाचला. सावित्रीबाईंस रोग जडला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

पुढल्याच वर्षी, जून १८९८ मध्ये, कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने पिसवेचा प्रयोग केला. एका बरणीत पिसवा असलेला रोगी उंदीर ठेवून, दुसरा निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात त्याजवळ ठेविला; त्यास स्पर्श न होताही तो प्लेगने मेला. विद्वानांनी या शोधाची प्रथम उपेक्षाच केली. १९०५ साली संशोधकांचे एक मंडळ मुंबईत परळ येथे उंदीर व पिसवा तपासण्याच्या कामास लागले, तेव्हा कोठे पुढे त्याची खातरी पटली. त्याच १९०५ साली पुण्यात पुन्हा प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असता डॉ. यशवंत यांसही तोच रोग झाला व ते मृत्यू पावले.