राजा भोजसोबत जिचं नाव घेऊन लोक हसतात, त्या गंगू तेलिणीची पन्हाळ्यावरची गोष्ट

कुणी ऐपतीबाहेरची उडी मारली की टोमणा ठरलेला असतो. कहाँ राजा भोज, कहाँ गंगू तेली. मराठीत या तेलीची कधी कधी तेलीणही होते.

यातला राजा भोज कोण, हे निदान अंदाजानं सांगता येतं. पण ही गंगू कोण?

याचं एक उत्तर कोल्हापूरपासून २० किलोमीटरवर, पन्हाळ्यावर मिळतं.

बाराव्या शतकात या भागावर शिलाहारांचं राज्य होतं. त्यांचा शेवटचा राजा म्हणजे दुसरा भोज. ११७५ च्या सुमारास तो गादीवर आला आणि पन्हाळ्यावरून कारभार करू लागला. त्यानं १५ किल्ले बांधले असं परंपरा सांगते. आता पुढची गोष्ट शिलालेखातली नाही, लोकांच्या तोंडची आहे.

तर झालं असं की, पन्हाळ्याचा तट काही केल्या उभा राहीना. बांधकाम चढवावं आणि ते ढासळावं, असं सारखं व्हायला लागलं. मग राजाला सल्ला मिळाला की ओल्या बाळंतिणीचा तिच्या तान्ह्या बाळासकट बळी द्या, तट टिकेल. शोध सुरू झाला आणि तो थांबला गंगू तेलिणीच्या दारात. मायलेकरांचा बळी गेला, तट उभा राहिला.

काही जण गंगू हे नवऱ्याचं नाव धरतात. त्यानं बायको आणि बाळ दिलं असं ते सांगतात. म्हणजे त्या गोष्टीत बाईला नावसुद्धा उरत नाही.

तट का ढासळत असेल, हे पावसाळ्यातला पन्हाळा पाहिलेल्याला सांगायला नको. जुलै २०२१ च्या पावसात गडावर जाणारा रस्ताच खचला होता. उतारावरची जमीन पाण्यानं सुटते. तिला बळी नको असतो, पाण्याला वाट हवी असते.

अशी गोष्ट एकट्या पन्हाळ्याची नाही. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाखाली नाथनाक आणि देवकाई या महार जोडप्याला पुरल्याची कथा सांगतात. ती बहामनी काळातली.

तिकडं ग्रीसमध्येही अशीच कथा आहे. ट्रॉयवर निघालेली जहाजं औलिस बंदरात अडकली, कारण वारा साथ देत नव्हता. आर्टेमिस देवीचा कोप झालाय, राजा अॅगमेम्नॉनच्या मुलीचा बळी द्या, असं सांगण्यात आलं. राजानं अकिलीसशी लग्न लावतो म्हणून इफिजिनियाला बोलावून घेतलं आणि वेदीवर नेलं. काही कथांत देवी ऐन वेळी तिच्या जागी हरणी ठेवते आणि तिला वाचवते.

दोन्ही गोष्टींत फरक आहे तो इथं. ग्रीक राजाला स्वतःची लेक द्यावी लागली. आपल्याकडं बळी गेला तो तेल्याच्या घरातला आणि महाराच्या घरातला. राजवाड्यातल्या कुणाकडं बोट गेलंच नाही.

पुढचा फरक आठवणीचा. इफिजिनियाच्या आईनं, क्लायटेम्नेस्ट्रानं, युद्धावरून परतलेल्या नवऱ्याला ठार मारून हिशेब चुकता केला. युरिपिडीसनं इफिजिनियावर दोन नाटकं लिहिली. अठराव्या शतकात ग्लूकनं तिच्यावर दोन ऑपेरा रचले, गटेनं नाटक लिहिलं आणि १९७७ मध्ये सिनेमा आला. राजानं हे बरोबर केलं का, हा प्रश्न अडीच हजार वर्षं विचारला जातोय.

गंगूच्या वाट्याला मात्र एक म्हण आली, तीही तिलाच हिणवणारी.

आता तुम्ही म्हणाल, म्हणीतला भोज तर माळव्यातल्या धारचा. हे मतही आहे आणि ते जास्त प्रसिद्ध आहे. परमार राजा भोज अकराव्या शतकातला. त्याच्याशी लढलेला कलचुरी राजा गांगेयदेव म्हणजे गंगू आणि चालुक्य राजा तैलप म्हणजे तेली, असा अर्थ लावतात. पण त्यातही अडचण आहे. दुसरा तैलप ९९७ मध्येच वारला आणि हा भोज गादीवर आला १०१० च्या आसपास.

म्हण नेमकी कुठून आली यावर वाद चालू राहील. पण पन्हाळ्याच्या लोकांनी तिला स्वतःची गोष्ट जोडली, यालाही अर्थ आहे. गड राजाच्या नावावर चढतो, पण त्यापायी कुणाचं घर उजाडलं हे कुणीतरी सांगत राहिलं.

इतकं करून भोजचं राज्यही टिकलं नाही. १२१२ च्या सुमारास देवगिरीच्या सिंघण यादवानं त्याचा पराभव केला आणि कोल्हापूरच्या शिलाहारांची सत्ता संपली.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता जगभरातून लोक तट बघायला येतील. त्यांना भोज सांगाल, शिवाजी महाराज सांगाल, ताराराणी सांगाल. त्यासोबत गंगूही सांगा, पण टोमणा म्हणून नको.