फाळकेंनी स्वतःचाच पिक्चर दुसऱ्यांदा काढला, आणि आपण अजून भांडतोय की खरा कोणता!

मागच्या आठवड्यात नातेपुत्यात स्टँडसमोरच्या टपरीवर आम्ही चौघं चहा घेत बसलेलो. एकाच्या मोबाइलवर रील आली. जुना मुका राजा हरिश्चंद्र, पण एआयनं रंगवलेला. राणीची साडी गुलाबी, झाडं पोपटी आणि राजाच्या चेहऱ्यावर ब्युटी फिल्टर मारल्यासारखी चमक.

झालं, तिथंच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणाला, रंग दिले तर आजची पोरं बघतील तरी. दुसरा म्हणाला, शंभर वर्षांपूर्वीच्या पिक्चरला हात लावायचा अधिकार कुणी दिला? तिसरा स्टार ट्रेकचा कट्टर फॅन. त्याला हे भांडण पाठ होतं. १९६६ ते १९६९ मधली मूळ मालिका २००६ साली रीमास्टर झाली आणि अंतराळयानाचे जुने शॉट काढून तिथं कॉम्प्युटरवर बनवलेले नवे शॉट टाकले. तेव्हापासून जगभरातले फॅन भांडतायत. शेवटी ब्लू-रेवर दोन्ही आवृत्त्या द्याव्या लागल्या, ज्याला जी आवडेल ती त्यानं बघावी.

हरिश्चंद्राचं मॅटर मात्र त्याच्याही पुढचं आहे. रंग द्यायचे का नाही हा नंतरचा प्रश्न. रीलमध्ये दिसतोय तो हरिश्चंद्र नक्की कोणता, यावरच एकमत नाही. कारण दादासाहेब फाळकेंनी तो एकदा नाही, दोनदा काढला होता. हे समजून घ्यायचं तर आधी हा माणूस समजून घ्यायला लागतो.

फाळके की केळफा?

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, गाव त्र्यंबकेश्वर. वडील संस्कृतचे पंडित. वडिलांना मुंबईत विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड मुंबईला आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, तिथून पुढं बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, जे दिसेल ते शिकायचं असा खाक्या.

गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ टाकला. पण प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेलं, स्टुडिओही सुटला. मग हा गडी चक्क जादूगार झाला. स्वतःच्या आडनावातली अक्षरं उलटी करून प्रोफेसर केळफा या नावानं तो प्रयोग करायचा. वस्तू गायब करायची, पुन्हा आणायची आणि समोरच्याचा डोळा कसा फसतो ते बघायचं, ही सगळी विद्या पुढं पडद्यावर कामाला आली.

१९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. पत्नीचं नाव सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवा. नंतर पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी लागली. स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडली आणि छापखाना काढला. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचं काम केलं, रंगीत छपाईतलं नवं तंत्र बघायला जर्मनीला जाऊन आले. पण भागीदारांशी बिनसलं आणि छापखानाही सोडला. चाळिशी आली होती आणि हातात काहीच नव्हतं.

एका मटारच्या दाण्यानं पैसे उभे केले

१९११ च्या ईस्टरच्या दिवसांत गिरगावातल्या एका तंबू थिएटरात फाळकेंनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मुका चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त होता, यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण यायला लागले. दुसऱ्या दिवशी ते सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा गेले. त्यानंतर मिळेल तो सिनेमा बघायचा आणि रात्री प्रोजेक्टर, लेन्स, फिल्मचे तुकडे घेऊन बसायचं, हा नाद इतका वाढला की डोळे गेले. उपचारानं दृष्टी परत आली. आणि परत आल्यावर पहिलं काम काय, तर विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनचं तिकीट!

१ फेब्रुवारी १९१२ ला निघाले आणि १ एप्रिलला परत. लंडनमध्ये सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. पण पिक्चरला लागणारं भांडवल कुठून आणायचं?

त्यांनी कुंडीत मटार पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज एक फ्रेम घेतली. पडद्यावर लावलं तर मिनिटभरात दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल होतो. फिल्मचं नाव होतं अंकुराची वाढ. आज आपण टाइमलॅप्स म्हणून मोबाइलवर एका बटणात जे करतो, ते हाच माणूस १९१२ मध्ये हातानं करत होता. बघणारे चाट पडले आणि पैसे लावायला माणूस मिळाला. तरी कमी पडत होतं. तिथं सरस्वतीबाईंचे दागिने आले.

हरिश्चंद्राची फॅक्टरी

पहिल्या पिक्चरसाठी फाळकेंनी हरिश्चंद्रच का निवडला? धंद्याच्या नजरेनं बघा. मुक्या पिक्चरमध्ये गोष्ट पाट्यांवर लिहून पुढं न्यावी लागते. या पिक्चरच्या पाट्या हिंदी आणि इंग्रजीत होत्या. पण बहुतेक प्रेक्षकांना वाचताच येत नव्हतं. मग गोष्ट अशी हवी जी आजीनं आधीच सांगितलेली आहे. प्रेक्षकाला कथा माहीत असली की दिग्दर्शकाला चमत्कार दाखवायला मोकळीक मिळते.

राजाच्या भूमिकेत दत्तात्रय दाबके आले. राणीचं काम करायला बाई मिळेना, कारण सिनेमात काम करणं बदनामीचं समजलं जायचं. शेवटी हॉटेलात स्वयंपाकाचं काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदास झाला फाळकेंचा मुलगा भालचंद्र. नटांना सांगून ठेवलं होतं की कुठं काम करता असं विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत म्हणून सांगा. २००९ मध्ये परेश मोकाशींनी काढलेल्या चित्रपटाचं नाव इथूनच आलं.

सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायच्या, शूटिंगला उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या, रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडायच्या आणि धुवायच्या. क्रेडिट पाट्यांचा जमाना नव्हता, नाहीतर त्यांचं नाव निम्म्या खात्यांसमोर आलं असतं.

सहा महिने सत्तावीस दिवसांत पिक्चर तयार झाला. चार रिळं, ३,७०० फूट. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला आणि गर्दी हटेना.

इथं एक जुना वाद सांगायलाच हवा. याच कोरोनेशनमध्ये वर्षभर आधी, १८ मे १९१२ ला, दादासाहेब तोरणे यांचा पुंडलिक लागला होता. माउलींची पालखी दरवर्षी नातेपुत्यात मुक्काम करून ज्या पंढरपूरला जाते, तिथल्याच पुंडलिकाची गोष्ट. मग पहिला भारतीय चित्रपट कोणता? पुंडलिक हे नाटक होतं, ते कॅमेऱ्यासमोर केलं गेलं, कॅमेरा चालवणारा ब्रिटिश होता आणि फिल्म धुतली लंडनला. म्हणून मान हरिश्चंद्राला दिला जातो. तोरण्यांची बाजू घेणारे आजही हे मान्य करत नाहीत, आणि त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही.

मग दुसरा हरिश्चंद्र कशाला?

फाळके नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुर आला, ज्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या बायकांनीच बायकांची कामं केली. सत्यवान सावित्री आला. १९१४ मध्ये पिक्चर घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले, तिथं कौतुक झालं. तेवढ्यात महायुद्ध पेटलं, कच्च्या फिल्मचा तुटवडा आला आणि कर्ज वाढलं.

१९१७ मध्ये त्यांनी हरिश्चंद्र पुन्हा काढला. नाव सत्यवादी राजा हरिश्चंद्र. पहिल्याची प्रिंट प्रवासात जळाली म्हणून पुन्हा शूट करावं लागलं, असं सांगितलं जातं. त्याच वर्षी लंकादहन आला. त्यात राम पण अण्णा साळुंके आणि सीता पण अण्णा साळुंके!

१९१८ मध्ये भागीदारांना घेऊन हिंदुस्तान फिल्म कंपनी सुरू झाली. श्रीकृष्णजन्म आणि १९१९ चा कालियामर्दन हे तिथले. कालियामर्दनात कृष्ण होती फाळकेंची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. सुरुवातीला ती साध्या पोरीसारखी कॅमेऱ्यासमोर हावभाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते. आधी युक्ती उघडी करून दाखवायची आणि तरीही प्रेक्षकाला हरवून टाकायचं, हा आत्मविश्वास केळफाचा.

आता रीलकडं परत या

नायट्रेट फिल्म पटकन पेट घेते आणि ठेवली तर कुजते. वर तिच्यात चांदी असते, म्हणून कित्येक जुने पिक्चर चांदी काढायला भंगारात गेले. त्यामुळं आपल्या मुक्या चित्रपटांपैकी पूर्ण उरलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथल्या पी. के. नायर यांनी नाशिकला फाळके कुटुंबापर्यंत जाऊन जे मिळेल ते वाचवलं.

हरिश्चंद्राचं पहिलं आणि शेवटचं रीळ मिळालं. मधली दोन नाहीत. म्हणजे रीलखाली जे लोक लिहितात की स्टोरी उड्या मारते, रायटिंग कच्चं आहे, त्यांनी जरा थांबावं. लेखकाची चूक नाही भावांनो, अर्धा पिक्चरच गायब आहे.

आणि जे उरलंय ते १९१३ चं नसून १९१७ चं आहे, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणजे पहिला भारतीय चित्रपट म्हणून आपण शेअर करतो तो कदाचित त्याचा रीमेक असेल. रंगवलेल्या रीलवर मात्र ठळक अक्षरात १९१३ लिहिलेलं असतं, आणि वाद आहे याची कुठं ओळसुद्धा नसते.

गंमत म्हणजे स्वतः फाळके मूळ पिक्चरला हात लावू नका या पार्टीतले नव्हते. त्यांचा सेतुबंधन मुका म्हणूनच बनला होता. पण १९३१ ला आलमआरा आला आणि पिक्चर बोलायला लागला, तेव्हा सेतुबंधनला नंतर आवाज चढवला गेला. आजच्या भाषेत रीमास्टरच की! हातात एआय असतं तर या जादूगारानं ते वापरून बघितलं असतं, असं मला तरी वाटतं.

पण एक फरक आहे. फाळके स्वतःचं काम बदलत होते आणि दुसऱ्या हरिश्चंद्राला त्यांनी वेगळं नाव दिलं होतं. आपण दुसऱ्याचं काम बदलतो आणि त्यावर मूळ म्हणून शिक्का मारतो. मूळ प्रत सुरक्षित असेल आणि काय बदललं ते लिहिलं असेल, तर खुशाल रंगवा. बीबीसीनं डॉक्टर हू या मालिकेच्या जुन्या टेप पुसून टाकल्या, त्यातले ९० हून जास्त भाग आज मिळत नाहीत. तिथं काही भाग ॲनिमेशन करून पुन्हा उभे केले, पण ते ॲनिमेशन आहे हे लपवलं नाही.

शेवटचं रीळ

बोलपटाच्या काळात फाळके मागं पडले. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण केला. १९३७ मध्ये आलेला हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. एकोणीस वर्षांत ९५ चित्रपट आणि वर दोन डझनांहून जास्त छोट्या फिल्म करणारा माणूस म्हातारपणी नाशिकला ओढग्रस्तीत राहिला. १६ फेब्रुवारी १९४४ ला तो गेला. त्याच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला १९६९ उजाडलं, तोवर त्याचे बहुतेक पिक्चर नष्ट झालेले होते.

टपरीवरचं भांडण काही मिटलं नाही. पण स्टार ट्रेकवाल्यानं एक काम केलं. मुके पिक्चर कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवून शूट व्हायचे, सेकंदाला साधारण १६ ते १८ फ्रेम. पुढं ते २४ फ्रेमच्या वेगानं चालवले गेले, म्हणून त्यातली माणसं तुरुतुरु पळताना दिसतात आणि आपण हसतो. त्यानं यूट्यूबवर काळा-पांढरा हरिश्चंद्र लावला आणि स्पीड ०.७५ केला. हिशेब सोपा आहे, २४ चे १८ झाले.

राजा एकदम राजासारखा चालायला लागला. मुलाला धनुष्यबाण शिकवताना त्याचा हात सावकाश वर गेला. आमच्यातलं कुणी हसलं नाही, चहा मात्र गार झाला.

तुम्हीही करून बघा. आणि मग सांगा, तुम्ही कुठल्या पार्टीत?