चार क्रियापदांचं आयुष्य

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याने देशाला मोठी माणसं दिली, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण मोठ्यांची चरित्रं वाचताना आपल्याला थोडी धास्तीच वाटते. त्याग, सेवा, ध्येयनिष्ठा हे शब्द भिंतीवरच्या तसबिरीसारखे. हार घालायचा, नमस्कार करायचा आणि पुन्हा स्वयंपाकाला लागायचं! महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं आयुष्य मात्र चार साध्या क्रियापदांत सांगता येतं. चालणं, साठवणं, मागणं आणि सोपवणं. मैत्रिणींनो, हे शब्द आपल्यालाही पेलतील असे आहेत.

पहिलं चालणं. अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. बालपण गेलं दापोलीजवळच्या मुरूडला. सतराव्या वर्षी परीक्षेसाठी ते कुंभार्ली घाट चढून, शंभराहून जास्त मैल पायी साताऱ्याला गेले. तिथे काय झालं? अंगकाठी लहान, म्हणून वयावर विश्वासच बसला नाही, परीक्षेला बसू दिलं नाही. एखादा खचला असता. अण्णा पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसले आणि पास झाले. पुढे पुण्याजवळ हिंगण्याला १९०० साली विधवांसाठी झोपडी उभी राहिली, तेव्हाही फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून झालं की हे प्राध्यापक चिखल तुडवत चार मैल चालत तिकडे जात.

दुसरं साठवणं. घरची गरिबी, पगार बेताचा. तरी मिळकतीतला थोडा भाग बाजूला काढायचा, ही सवय त्यांनी तरुणपणीच लावून घेतली. मुरूडच्या लोकांनीही तसंच करून गावासाठी फंड जमवावा, हा त्यांचाच प्रयत्न. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची सुरुवात केली, तीही स्वतःची शिल्लक घालून. आज गावोगावच्या बचतगटात आपण दुसरं काय करतो?

तिसरं मागणं. हे सर्वांत अवघड, कारण स्वभावाने अण्णा भिडस्त. पण कामासाठी हात पुढे करताना त्यांनी भीड ठेवली नाही. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झालं ते थोड्याशा विद्यार्थिनींवर. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला मिळालं. तेच आजचं एस.एन.डी.टी. एवढं नाव झाल्यावर तरी स्वस्थ बसावं की नाही? १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यातल्या शाळांसाठी ते पुण्यात दारोदार वर्गणी मागत फिरत होते.

चौथं सोपवणं. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले आपल्या देवरुखच्या. वैधव्य आलेलं, पदरी लहान मुलगा, अक्षरओळख मोठेपणी झालेली. अण्णांनी त्यांच्यावर आश्रमाची जबाबदारी टाकली. त्याच पार्वतीबाई पुढे आश्रमासाठी निधी जमवायला अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या! बाईला नुसता आसरा देऊन अण्णा थांबले नाहीत, तिच्या हाती कारभार दिला.

या यादीत सोसणं का नाही, असं कुणी विचारेल. ते मी मुद्दाम घेतलेलं नाही. १८९१ मध्ये पहिली पत्नी राधाबाई गेल्यावर अण्णांनी ११ मार्च १८९३ रोजी देवरुखच्याच गोदूबाईंशी लग्न केलं. बालपणीच विधवा झालेल्या गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, सगळ्यांच्या बाया झाल्या. या लग्नामुळे मुरूड गावाने अण्णांवर बहिष्कार घातला. आईच्या घरी उतरावं, तर घरच्यांनाही वाळीत टाकण्याची धमकी. दोघांनी ते सोसलं. अण्णांचं सारं लक्ष संस्थेकडे, त्यामुळे संसाराची ओढाताण बायांच्या वाट्याला आली, हेही विसरता कामा नये.

पण हे सोसणं आलं ते स्वतः निवडलेल्या कृतीच्या मागून. आपल्याला मात्र लहानपणापासून सोसणं हेच मुख्य क्रियापद म्हणून शिकवतात. नवऱ्याचा मार सोस, सासरचे टोमणे सोस. ती बाई गुणाची म्हणे! मला हे पटत नाही. अण्णांनी बायकांना शिकवलं, कमावतं केलं, ते याच शिकवणीतून त्यांना सोडवण्यासाठी.

१९५८ मध्ये शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ वर्षांचे होऊन ते गेले. संस्था मागे राहिल्या, आणि ही क्रियापदंही.

चारही एकदम जमणार नाहीत. एकच धरा. कुणी रोज पंधरा मिनिटं वाचणं धरेल, कुणी मुलीला शिकवणं, कुणी ग्रामसभेत उठून बोलणं. फक्त ते क्रियापद तुमचं तुम्ही निवडलेलं असू द्या. कुणी हातात ठेवलेलं नको.